७.६ सीजीपीए, एक राहिलेला विषय आणि २२ टक्के यील्ड: अमेरिकेतल्या पीएचडीचा अर्ज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आत्ताच पूर्ण झालंय. सीजीपीए ७.६. बी.एस्सी.ला फिजिकल केमिस्ट्रीचा एक पेपर राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत सुटला. जीआरईत (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) ३१२. येत्या डिसेंबरात अमेरिकेतल्या १२ विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज करायचेत. तुम्ही विचारताय की जीआरई पुन्हा द्यावी का, एसओपीचा (अर्जासोबत जोडायचा, काय केलं आणि पुढे काय करायचंय हे सांगणारा लेख) चांगला नमुना कुठे मिळेल, आणि पुण्यातला एक सल्लागार एसओपी व तिन्ही शिफारसपत्रं लिहून देतो म्हणतोय तर पैसे भरावेत का.

मी मिरजेची. वीस वर्षांपूर्वी असाच अर्ज करून इकडे आले. आता अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात केमिस्ट्री शिकवते आणि त्यातली नऊ वर्षं प्रवेश समितीवर बसलेय. तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे: नको. जीआरई पुन्हा नको, नमुना नको, सल्लागार तर अजिबात नको.

एवढ्यावर तुमचं काम भागणार नाही, कारण तुमची खरी अडचण या तीन प्रश्नांत नाही. ती तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. तिथे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंय: प्रोजेक्ट फारसा चांगला झाला नाही, सुझुकी कपलिंगला, म्हणजे ब्रोमाइड आणि बोरॉनिक ॲसिड जोडणाऱ्या रिॲक्शनला, दोन महिने २२ टक्क्यांच्या वर यील्डच (हाती येणारा पदार्थ) येईना, टीएलसीवर (मिश्रणात काय उरलंय ते दाखवणारी साधी चाचणी) ब्रोमाइड तसंच राहायचं आणि बोरॉनिक ॲसिड मात्र संपलेलं दिसायचं, म्हणून ते एकदम न घालता थोडं थोडं घातलं, तेव्हा ५१ टक्के आलं, पण पेपर काही झाला नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली. तुमच्या अख्ख्या अर्जातली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती लपवायला निघालात.

का म्हणते ते सांगते. अमेरिकेतली केमिस्ट्रीची पीएचडी साधारण पाच-सहा वर्षांची. विभाग तुमची ट्यूशन भरतो, वर दरमहा मानधन देतो. त्या बदल्यात पहिली एक-दोन वर्षं तुम्ही पदवीच्या मुलांच्या प्रयोगशाळा घेता आणि पुढे प्राध्यापकाच्या ग्रँटवर काम करता. एवढा खर्च करून आणलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी सोडून गेला तर नुकसान दोघांचंही. म्हणून फाइल उघडली की आमच्या मनात एकच शंका असते: रिॲक्शन चालेनाशी झाली की हा माणूस काय करतो? मार्कांवरून ते कळत नाही. लेखी परीक्षेत रिॲक्शन नेहमीच चालते.

त्यात तुमचं कॉलेज इथे कुणाला माहीत नाही. आयआयटी किंवा आयसरचा विद्यार्थी आला तर समितीतल्या कुणी ना कुणी त्याच्या सीनिअरला शिकवलेलं असतं, तिथले ८.० म्हणजे काय याचा अंदाज असतो. तुमच्या ७.६ बद्दल आमच्याकडे असा काहीच आधार नाही. हा आकडा वाईट नाही, फक्त एकटा आहे. त्याच्या शेजारी पुरावा उभा करावा लागतो. अर्ज चांगला करणं म्हणजे एवढंच: कागदपत्रांच्या ढिगातून काम करणारा एक माणूस दिसला पाहिजे, आणि तो सगळीकडे एकच दिसला पाहिजे. एसओपीत जो दिसतो तोच पत्रांत, तोच मुलाखतीत.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, त्याही सांगून टाकते. २०२५ मध्ये इथल्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीची अनिश्चितता वाढली आणि बऱ्याच विभागांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. चांगल्या अर्जालाही नकार येतो. कधी त्या वर्षी ऑरगॅनिकमध्ये जागाच नसते, कधी ज्यांच्यासाठी तुम्ही अर्ज केला ते प्राध्यापक दुसरीकडे निघालेले असतात. नकारपत्रात यातलं काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे मी खाली जे सांगतेय त्याने शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

आता शिफारसपत्रं. आपल्याकडच्या मुलांचे अर्ज सर्वांत जास्त इथे पडतात, आणि त्यात दोष बहुतेकदा मुलांचा नसतो. आपल्या कॉलेजांत रीतच अशी पडलीय की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सरांना दिवसाला चार तास लेक्चर, वर परीक्षेची कामं, आणि असं पत्र कसं लिहायचं हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलगा इंटरनेटवरून एक पत्र उचलतो, त्याच्या तीन प्रती करतो, शब्द इकडेतिकडे बदलतो. आमच्यासमोर तीन वेगळ्या लेटरहेडवर एकाच माणसाची इंग्रजी येते. एका वर्षी दोन वेगळ्या शहरांतल्या दोन अर्जदारांच्या पत्रांत एक परिच्छेद शब्दशः सारखा निघाला. दोन्ही फाइली त्याच दिवशी बंद झाल्या. त्यातली एक मुलगी खरोखर चांगली असावी असं तिच्या गुणपत्रिकेवरून वाटत होतं. मला अजून तिची रुखरुख लागते. तिने स्वतः फसवलं असेल असं मला वाटत नाही. कुणालातरी पैसे देऊन विश्वास ठेवला असणार. म्हणून सल्लागाराला इतकं ठाम नको म्हणाले.

मग करायचं काय? गाइड सरांना फोन करून सांगा, "सर, पत्रासाठी तुमची पंधरा मिनिटं हवी आहेत, मी येऊन बसतो." जाताना एक पानभर टिपण न्या. त्यात स्वतःची स्तुती नको, आठवणी हव्यात: कोणत्या महिन्यात काय अडलं, तुम्ही काय सुचवलंत, सर काय म्हणाले, शेवटी काय झालं. पॅलेडियम कॅटॅलिस्ट संपल्यावर पंधरा दिवस काय केलंत. एनएमआर (रेणूची रचना तपासायचं यंत्र) कॉलेजात नाही म्हणून सॅम्पल बाहेर पाठवायचे, तर रिपोर्ट येईपर्यंत नुसत्या टीएलसीवर निर्णय कसे घेतलेत. मग सरांना मराठीत बोलू द्या. ते जे बोलतील तेच पत्र आहे. "हा पोरगा सुट्टीच्या दिवशीसुद्धा नायट्रोजनचा फुगा लावून बसलेला असायचा, आणि माझं म्हणणं पटलं नाही की तोंडावर सांगायचा" हे वाक्य साध्या, मोडक्या इंग्रजीत आलं तरी आमच्यासाठी "हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड पंक्चुअल" पेक्षा शंभरपट मोलाचं आहे. सरांची इंग्रजी सुधारायला जाऊ नका. व्याकरणाच्या चुका असलेली खरी पत्रं मी वाचलीत आणि त्या मुलांना घेतलंय.

विभागप्रमुखांचं पत्र हवंच असं नाही. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा प्रॅक्टिकल घेणाऱ्या, रोज बघणाऱ्या मॅडम बऱ्या. बऱ्याच फॉर्मवर शिफारस करणाऱ्याला विचारलेलं असतं की तुम्ही याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता, आणि आजवरच्या विद्यार्थ्यांत हा पहिल्या ५ टक्क्यांत बसतो की १० की २५. हे प्रश्न सरांना आधी दाखवा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ नाही. फॉर्ममध्ये तुम्हालाही विचारतील की पत्र पाहण्याचा हक्क सोडता का. हा हक्क अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला मिळालाय. तो सोडा. नाही सोडला तर पत्र मोकळेपणाने लिहिलं असेल का, अशी शंका वाचणाऱ्याला येते.

एक व्यावहारिक अडचण ईमेलची. सरांना कॉलेजचा अधिकृत पत्ता असेल तर तोच द्या. नसेल तर जीमेल चालतो, पण पत्र लेटरहेडवर असावं आणि त्यावर विभागाचा फोन नंबर असावा. शंका आली तर आम्ही फोन करतो, मी स्वतः केलेत. विद्यापीठाकडून सरांना येणारी लिंक बरेचदा स्पॅममध्ये जाते, त्यामुळे अर्ज भरला की त्याच दिवशी सरांना फोन करून सांगा. पत्र मात्र त्यांनीच अपलोड करायचं. त्यांचा पासवर्ड घेऊन तुम्ही बसू नका, सर म्हणाले तरी.

आता एसओपी. नमुना नको म्हणाले कारण नमुना वाचला की हात आपोआप तसाच वळतो. "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती," मग एखाद्या थोर माणसाचं वचन, मग "तुमच्या जगप्रसिद्ध विद्यापीठात". माझ्याकडे एका हंगामात साधारण साठ फाइली येतात आणि पहिल्या वाचनाला एकीला पंधरा मिनिटं मिळतात. अशी सुरुवात दिसली की डोळा खाली सरकतो आणि पहिली ठोस गोष्ट शोधतो. ती दुसऱ्या पानावर असेल तर तोवर माझी पाच मिनिटं गेलेली असतात. हल्ली एआयकडून लिहून घेतलेले अर्जही येतात. त्यांची इंग्रजी निर्दोष असते, पण त्यात एकही रिॲक्शन बिघडलेली नसते.

तुमच्या एसओपीचा पहिला परिच्छेद मला असा हवाय. कोणतं संयुग बनवायचं होतं आणि का. पहिल्या दोन महिन्यांत यील्ड २२ टक्क्यांवर अडलं. आधी सॉल्व्हंटमध्ये दोष वाटला, तो बदलला, फरक नाही. मग टीएलसी नीट पाहिली: ब्रोमाइड शिल्लक, बोरॉनिक ॲसिड गायब. दोन्ही गोष्टी जुळणीत खर्च होत असत्या तर दोन्ही बरोबरीने कमी झाल्या असत्या. म्हणजे बोरॉनिक ॲसिड जुळण्याआधीच बेसमुळे नासत होतं, त्यावरचा बोरॉन सुटून त्या जागी हायड्रोजन येत होता. म्हणून ते एकदम न घालता चार वेळा थोडं थोडं घातलं. ५१ टक्के. एवढं सरळ लिहा. यात प्रश्न आहे, निरीक्षण आहे, चुकलेला पहिला अंदाज आहे, दुसरा अंदाज आहे आणि तो तपासायची युक्ती आहे. नोकरीवर पहिल्या दिवशी मला विद्यार्थ्याकडून हेच लागतं. त्यापुढे एक वाक्य असं घाला की आणखी सहा महिने मिळाले असते तर काय केलं असतं: बोरॉनिक ॲसिडऐवजी त्याचा पिनाकॉल एस्टर वापरून पाहिला असता, की बेस सौम्य केला असता? मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा याचा विचार आत्ताच करून ठेवा.

इथे आपल्या संस्काराची एक अडचण येते. आपलं काम आपण कसं सांगायचं, बढाई वाटेल, म्हणून आपण "आम्ही केलं", "सरांच्या मार्गदर्शनाखाली करण्यात आलं" असं लिहितो. नम्रता घरी जपा, पण अर्जात कर्ता लागतो. सरांनी विषय दिला असेल तर तसं लिहा, शेजारच्या मित्राने एनएमआर वाचायला मदत केली असेल तर तेही लिहा, आणि थोडं थोडं घालण्याची कल्पना तुमची असेल तर "मी" लिहा. प्रत्येकाचा वाटा स्पष्ट सांगणाऱ्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. मीही पहिल्या वेळी सगळं "आम्ही" लिहिलं होतं. इथे आल्यावर माझ्या गाइडने मुलाखतीची आठवण काढून विचारलं होतं की त्या "आम्ही"त तू नेमकी कुठे होतीस.

राहिलेल्या विषयाबद्दल दोन वाक्यं पुरे, तीही एसओपीच्या शेवटाकडे. काय झालं, पुढे काय केलं. आजारपण, घरची अडचण असेल तर तसं साधं सांगा. नसेल, अभ्यासच कमी पडला असेल, तर तेही चालतं. लपवायचं कारण नाही, गुणपत्रिका आमच्यासमोरच असते. मला इथे नेहमी आनंदीबाई जोशींचं पत्र आठवतं. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला प्रवेशासाठी लिहिलेलं ते पत्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नसू, हे त्या स्वतःच मोकळेपणाने मान्य करतात. आणि मग का यायचंय ते सांगतात: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी. उणीव कबूल, हेतू नेमका, पाल्हाळ नाही. १८८६ मध्ये त्या तिथून डॉक्टर झाल्या. एकशे चाळीस वर्षांनंतरही मला त्याहून नीट केलेला अर्ज सापडलेला नाही. तो जरूर वाचा, उतरवू मात्र नका.

विद्यापीठांची संख्या १२ वरून सहा-सातवर आणा. एका अर्जाला साधारण ७५ ते १०० डॉलर लागतात, वर गुण पाठवण्याचे वेगळे. बाराचे पैसे घालवून बारा सारखेच अर्ज करण्यापेक्षा सात अर्ज नीट करा. फी माफीची सोय काही विभागांत असते, पण ती विचारावी लागते. नोव्हेंबरच्या आत विभागाच्या ऑफिसला साधा ईमेल करून विचारा, त्याने अर्जावर वाईट परिणाम होत नाही. निवडताना रँकिंग बाजूला ठेवा आणि विभागाच्या पानावर बसा. ज्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही आनंदाने पाच वर्षं काढाल असे किमान तीन प्राध्यापक सापडले तरच तो विभाग यादीत घ्या. एकच सापडला आणि तोच निघून गेला तर तुम्ही अडकाल. त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर पाहा. दहा वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या कामाचं कौतुक एसओपीत आलं की कळतं, हा विकिपीडियावरून आलाय.

प्राध्यापकांना आधी ईमेल करावा का, हे विभागावर अवलंबून आहे. अमेरिकेत केमिस्ट्रीचे बरेच विभाग समितीमार्फत प्रवेश देतात आणि गाइड पहिल्या सत्रात ठरतो. तिथे ईमेलने प्रवेश मिळत नाही, पण ते प्राध्यापक यंदा विद्यार्थी घेणार आहेत का एवढं कळतं. युरोपात बहुतेकदा उलटं, आधी गाइड, मग प्रवेश. ईमेल आठ ओळींचा करा: कोण, काय केलं, त्यांचा कोणता पेपर वाचून कोणता प्रश्न पडला. "रिस्पेक्टेड सर" लिहून शंभर जणांना एकच मजकूर पाठवला तर तो आम्ही न वाचता काढतो. उत्तर आलं नाही तर मन खट्टू करू नका, दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि सोडून द्या.

परीक्षांचं पटकन सांगते. केमिस्ट्रीच्या अनेक विभागांनी २०२० नंतर जीआरई काढून टाकली. तुमच्या यादीतल्या प्रत्येक विभागाचं पान उघडून पाहा. जिथे मागतात तिथे ३१२ ने अर्ज अडणार नाही, आणि ३२० झाले म्हणून तरणारही नाही. त्या दोन महिन्यांत सरांसोबत बसून प्रोजेक्टचे आणखी दोन नमुने पुरे करा. टोफेल किंवा आयईएल्टीएसमध्ये मात्र बोलण्याच्या भागाकडे लक्ष द्या. मानधन शिकवण्याच्या कामातून येतं, म्हणून अनेक विद्यापीठांत बोलण्याच्या गुणांची वेगळी किमान मर्यादा असते आणि एकूण गुण भरपूर असूनही मुलं तिथे अडतात. सीजीपीए स्वतः ४ च्या मोजपट्टीवर आणू नका, गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या गुणांची अधिकृत प्रत) विद्यापीठात ऑगस्टमध्येच अर्ज टाका, दिवाळीच्या तोंडावर गेलात तर हेलपाटे ठरलेले.

पैशाबाबत माझं मत ठाम आहे. केमिस्ट्रीत अमेरिकेतल्या एम.एस.साठी घर गहाण ठेवून कर्ज काढू नका. तुमच्याकडे पाच वर्षांचं शिक्षण आणि एम.एस्सी. आहेच, थेट पीएचडीला अर्ज करा, जिथे मानधन मिळतं. यंदा नाही झालं तर वर्ष फुकट जाऊ देऊ नका. नेट आणि गेटची तयारी सोबत चालू ठेवा, पुण्याच्या एनसीएलला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसरला अर्ज करा, प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळाली तर घ्या. तिथली पीएचडी ही दुय्यम निवड आहे असं मी मानत नाही. माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतला सर्वांत तरबेज पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) एनसीएलमधून आलाय.

अर्जांच्या तारखा बहुतेक १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात. जानेवारी-फेब्रुवारीत व्हिडिओ मुलाखती, आणि मानधनासह प्रवेश मिळाला तर उत्तर द्यायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत मुदत. त्याआधी कुणी घाई करायला लावत असेल तर नम्रपणे वेळ मागा.

या आठवड्यात मात्र यातलं काहीच करू नका. कॉलेजात जा. प्रोजेक्ट संपला की लॅबची वही विभागात जमा होते आणि वर्षभरात रद्दीत जाते, माझी तशीच गेली. तुमची अजून सरांच्या कपाटात असेल. त्यांना विचारून प्रत्येक पानाचा फोटो काढा, टीएलसीच्या चित्रांसकट, खाडाखोडीसकट, २२ टक्के आलेल्या सगळ्या पानांसकट. एसओपी लिहायला बसाल तेव्हा ती पानं समोर ठेवा. पहिला मसुदा मराठीत झाला तरी चालेल. तो इथेच टाका, मी वाचेन.